बिऱ्हाडाच्या शोधात कुत्रा-मांजर : एका आशयसूत्राचा इतिहास

प्राणिकथेचा विचार मराठी समीक्षेने बहुधा बोधाच्या अंगानेच केला आहे. याला कारणही तसेच घडले. सेरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथ पंडितांचा मराठी ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये आणि मुंबईतून सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ १८२८ मध्ये बाहेर आली, तेव्हा छापील प्राणिकथा मराठीत आली ती शाळेच्या दारातून. कोल्हा म्हणजे लबाडी, गाढव म्हणजे मूर्खपणा, कुत्रा म्हणजे इमान अशी समीकरणे तयार झाली आणि प्राणी हे गुणांचे वाहक ठरले. ते राहतात कोठे, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. वास्तविक कथेतील प्राण्याला घर आहे की नाही, असल्यास ते कोणाच्या मालकीचे आहे आणि दाराच्या आत कोण, बाहेर कोण, या गोष्टी पुष्कळदा बोधापेक्षा अधिक बोलक्या असतात. प्रस्तुत लेखात एकाच आशयसूत्राच्या आधारे हा प्रश्न विचारावयाचा आहे. कुत्रा आणि मांजर, म्हणजे ज्यांचे वैर वाक्प्रचारात रूढ झाले आहे अशी जोडी, एकत्र येऊन घर शोधावयास निघते, हे ते आशयसूत्र होय.

या सूत्राचे अलीकडचे आणि सर्वांत प्रसिद्ध रूप व्यंगचित्रपटांत आढळते. जॉन क्रिकफालुसी यांनी निर्माण केलेली ‘रेन अँड स्टिम्पी’ ही मालिका अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झाली. तिच्या आधी, १९९० मध्ये तयार झालेल्या नमुना-भागात, रेन हा किडकिडा चिवावा जातीचा कुत्रा आणि स्टिम्पी हा मठ्ठ बोका उपाशीपोटी रस्त्यावर हिंडत असतात. भटकी जनावरे पकडणारा त्यांना कोंडवाड्यात नेतो. तेथून जो बाहेर जातो तो एक तर कोणाच्या तरी घरी जातो किंवा कायमचा जातो. अखेर एक मुलगी रेनला घरी नेते आणि त्याच्यासोबत स्टिम्पीचीही सोय लागते. पुढे मालिकेत या दोघांची घरे आणि धंदे मनास येईल तसे बदलत राहतात. परंतु आरंभ बेघरपणाचा आहे, आणि घर मिळणे म्हणजे कोणीतरी निवडून नेणे, असा त्याचा अर्थ आहे. घर शोधता येत नाही. घरानेच आपल्याला शोधावे लागते. ही कल्पना हास्याच्या आवरणाखाली चांगलीच भयंकर आहे.

त्याच सुमारास, १९९२ मध्ये, फिल रोमन यांनी दिग्दर्शित केलेला टॉम आणि जेरी यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. येथे जोडी मांजर-उंदराची आहे, तरीही आपल्या विषयाला तो इतका जवळचा आहे की तो ओलांडून पुढे जाता येत नाही. घरमालक बिऱ्हाड हलवतात, गडबडीत टॉम मागे राहतो आणि ज्या घरात ही जोडी वर्षानुवर्षे एकमेकांच्या जिवावर उठली होती ते घर यंत्राने पाडले जाते. त्यानंतर रस्त्यावर त्यांना एक कुत्रा भेटतो आणि त्याच्यासमोर ही दोघे बोलू लागतात. १९४० पासून जवळजवळ मूकच राहिलेली ही पात्रे घर गेल्यावर बोलू लागली, हे त्या काळी अनेक प्रेक्षकांना रुचले नाही. चित्रपट म्हणून तो सामान्यच आहे. पण या एका प्रसंगात पटकथाकाराने नकळत एक खोल गोष्ट सांगितली आहे, असे मला वाटते. घर होते तोवर त्यांना भाषेची गरज नव्हती. वैर हीच त्यांची भाषा होती. भिंती पडल्या आणि वैराचा आधारच गेला. प्राण्यांचे वैर हे स्वभावजन्य असते असे आपण समजतो. येथे ते वास्तुजन्य ठरते.

या निरीक्षणाला बळ देणारे उदाहरण म्हणजे पीटर हॅनन यांची ‘कॅटडॉग’ ही १९९८ ची मालिका. तीत कुत्रा आणि मांजर एकाच शरीराची दोन टोके आहेत. त्यांना घर आहे, पण ते अर्धे माशाच्या आणि अर्धे हाडाच्या आकाराचे. देह एक, घर दुभंगलेले. आणि भांडण अखंड.

व्यंगचित्रपटांच्या आधीची परंपरा पाहू. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८१९) आलेली ब्रेमेनच्या वाजंत्र्यांची कथा सर्वपरिचित आहे. म्हातारे झाल्यामुळे धन्याला नकोसे झालेले गाढव, कुत्रा, मांजर आणि सुरीच्या धाकाने पळालेला कोंबडा ब्रेमेनला जावयास निघतात. ब्रेमेनला ते कधीच पोचत नाहीत. वाटेत चोरांचे घर लागते, ते चोरांना पळवून लावतात आणि तेथेच राहतात. या कथेचा उल्लेख करताना सामान्यतः चारांच्या एकीचे कौतुक होते. मला महत्त्वाचा वाटतो तो चोरांना हुसकावल्यानंतरचा एक छोटा तपशील. दिवा मालवून चौघे झोपतात तेव्हा गाढव अंगणातल्या उकिरड्यावर, कुत्रा दारामागे, मांजर चुलीपाशी उबदार राखेजवळ आणि कोंबडा आढ्यावर जातो. घर ताब्यात आल्याबरोबर प्रत्येकाची पायरी ठरली. वाटेवर चौघे समान होते. घरात उंबरठ्याचे शास्त्र परत आले.

कुत्रा-मांजराच्या जोडीला स्वतंत्र संसार मिळाला तो प्राग शहरात. योसेफ चापेक यांचे कुत्रा आणि मांजर यांच्या गप्पांचे पुस्तक १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. चापेक हे चित्रकार असल्यामुळे चित्रेही त्यांचीच. ही दोघे एका घरात राहतात आणि माणसांसारखी घरे कशी चालवतात हे करून पाहतात. फरशी धुवायची तर घरात ब्रश नाही. मग कुत्र्याचे राठ अंगच ब्रश होते आणि मांजराचे मऊ अंग पुसणे. पुढे दोघांची अंगे मळतात म्हणून दोघांनाच धुऊन दोरीवर वाळत घालावे लागते. १९५० च्या दशकाच्या आरंभी एदुआर्द होफमान यांनी या कथांवर व्यंगचित्रपट केले. येथे शोध नाही. परंतु घर हे मिळालेले नसून रोज करावे लागणारे काम आहे, असे सुचवले आहे. हे लिहिणारा माणूस १९४५ मध्ये नाझींच्या बेर्गेन-बेल्झेन छावणीत मरण पावला, हे ठाऊक असणाऱ्या वाचकाला दोरीवर वाळत पडलेल्या त्या जोडीकडे पूर्वीसारखे निर्वेध हसता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठी माणसाचा सचेतन चित्रांशी संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’ केली. ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कोल्ह्यावरचा व्यंगचित्रपट काढला. आणि फिल्म्स डिव्हिजनच्या १९५७ मधील, जातककथेवर आधारलेल्या वटमृगाच्या चित्रपटामागे गो. कि. गोखले यांच्यासारखे कलावंत होते. या मोजक्या उदाहरणांतही एक गोष्ट जाणवते. आपली चित्रकथा प्राण्याला घेऊन बोधाकडे किंवा अभयाकडे जाते. घराकडे जात नाही. वटमृगाला राजाकडून हवे असते ते अभय, आणि तेही केवळ स्वतःसाठी नव्हे. निवारा हा त्याचा प्रश्न नाही.

मात्र वैऱ्यांच्या सख्याची कथा आपल्याकडे आहेच, आणि ती अतिशय प्रौढ आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित उंदीर आणि लोमश मांजर यांची कथा सांगतात. एका वडाच्या बुंध्याशी बिळात पलित राहतो, फांदीवर लोमश. मांजर जाळ्यात सापडते. त्याच वेळी उंदराच्या मागे मुंगूस आणि वर घुबड टपलेले असते. उंदीर मांजराच्या कुशीत शिरून प्राण वाचवतो आणि पारधी कुत्री घेऊन जवळ येईपर्यंत थांबून मगच जाळे कुरतडतो. संकट टळल्यावर लोमश मैत्रीचे आर्जव करतो. पलित बिळाच्या तोंडाशी उभा राहून ते नाकारतो. मैत्री आणि वैर ही कारणाने होतात, कारण सरले की तीही सरतात, असा त्याचा युक्तिवाद. टॉम आणि जेरी यांच्या चित्रपटाशी याची तुलना करावी. तेथे घर गेले म्हणून सख्य झाले. येथे बीळ शाबूत आहे, परतण्यास जागा आहे, म्हणूनच सख्य नाकारणे परवडते. बेघर पलित असता तर भीष्मांना ही कथा सांगता आली नसती.

घराच्या मालकीचा उघड वाद पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात येतो. कपिंजल नावाचा तित्तिर पिकलेल्या साळीच्या शोधात दूर जातो. त्याच्या ढोलीत शीघ्रग नावाचा ससा येऊन राहतो. कपिंजल परततो आणि तंटा सुरू होतो. सशाचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. माणसांमध्ये दहा वर्षांच्या उपभोगाचा नियम असेल; पशुपक्ष्यांत मात्र जो जेथे जोवर राहतो तोवर ते त्याचे. ‘कब्जेदार’ हा शब्द महसुली दप्तरात वाचलेल्या कोणालाही हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. न्यायासाठी दोघे नदीकाठी तप करणाऱ्या मांजराकडे जातात. एका पाठात त्याचे नाव तीक्ष्णदंष्ट्र, दुसऱ्या पाठात दधिकर्ण. ते म्हणते, म्हातारपणामुळे ऐकू येत नाही, जवळ या. आणि दोघांनाही खाते. ढोली कोणाची, हा प्रश्न अनिर्णीतच राहतो. बोधवादी वाचन येथे ढोंगी साधूंवर घसरते आणि रिकाम्या राहिलेल्या ढोलीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मराठीतील घराची आद्य प्राणिकथा कोणती, याचे उत्तर कोणताही मराठी माणूस देईल. चिमणी-कावळ्याची, शेणाच्या आणि मेणाच्या घरांची. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात तिचे रूप सापडते, म्हणजे मराठी गद्याच्या पहिल्या थरातच ती आहे. या कथेत विलक्षण गोष्ट अशी की शोध असा नाहीच. कावळ्याचे घर पावसात वाहून जाते आणि तो सरळ शेजारच्या दारात उभा राहतो. पुढील सारी कथा दार उघडण्याच्या विलंबाची आहे. बाळाला न्हाऊ घालणे, पुसणे, कपडे चढवणे, काजळ-तीट असा एकेक घरगुती सोपस्कार दाराआडून सांगितला जातो. मूल ही कथा ऐकताना खिदळते ते या पुनरावृत्तीवर. शेण आणि मेण यांतील भेदात, काळ्या रंगात आणि दाराबाहेर ताटकळण्यात जातिव्यवस्थेचे प्रतिबिंब पाहणे शक्य आहे आणि ते अगदीच अप्रस्तुतही नाही. तथापि ते वाचन पुरेसे नाही, असे माझे मत आहे. कथा ऐकणारे मूल चिमणीच्या घरात असते. बाळाच्या जागी तेच असते. म्हणजे कथा आपल्याला दाराच्या आत बसवून सांगितली जाते. ब्रेमेनच्या कथेत ऐकणारा वाटेवर असतो. येथे तो उबेत आहे आणि ठोठावणे त्याला बाहेरून ऐकू येते.

ज्या ग्रंथात ही कथा आहे त्याच ग्रंथाचे नायक श्रीचक्रधर अनुयायांना स्वदेशाचा आणि आप्तसंबंधांचा त्याग शिकवतात, ही गोष्टही विसरता येत नाही. लीळाचरित्रातील दुसरी एक प्रसिद्ध लीळा येथे आठवते. शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन बसतो. पारधी ससा मागतात. शरण आलेला दिला जात नाही. मांडीखालची जागा हे घर नव्हे. ससा थोड्या वेळाने निघून जाणार आहे. महानुभावांच्या जगात घराची जागा आश्रयाने घेतली आहे. युधिष्ठिराच्या कुत्र्याची कथाही याच वळणाची. स्वर्गाच्या दारात इंद्र कुत्र्याला मज्जाव करतो आणि युधिष्ठिर आत जाण्यास नकार देतो. शरणागताचा प्रश्न सुटतो. कुत्रा स्वर्गात कोठे राहिला असता, हा प्रश्न उरतच नाही, कारण तो धर्म होता.

मग मराठीत कुत्रा-मांजराची घर शोधणारी जोडी का नाही? याचे उत्तर आपल्या घराच्या रचनेत असावे. जुन्या कोकणी घरात मांजराची हद्द चुलीपर्यंत आणि कुत्र्याची ओटीच्या पायरीपर्यंत. कुत्रे माणसाच्या मागे जाते, मांजर घराला धरून राहते, असा आपल्याकडे समज आहे. बिऱ्हाड हलले तर कुत्रे गाडीमागे धावते आणि मांजर रिकाम्या घरात मागे राहते. दोघांची घराची व्याख्याच निराळी. कुत्र्याचे घर म्हणजे माणसे, मांजराचे घर म्हणजे जागा. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो खरे, परंतु तो शोध बाळंतिणीचा, तात्पुरता. पिल्लांचे डोळे उघडले की संपणारा. ज्याला जागा सुटलेली चालते आणि ज्याला माणसे सुटलेली चालतात, अशा दोघांना एकत्र काहीतरी शोधावयास लावायचे, तर जागा आणि माणसे ही दोन्ही एकाच वेळी हरवावी लागतात. पारंपरिक गावात असे होत नसे. दुष्काळात गावे उठत. परंतु पाऊस झाला की लोक त्याच जागी परतत.

हे दोन्ही एकदम हरवण्याचा प्रसंग आपल्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, आणि त्यासाठी करंज्याइतके बोलके ठिकाण दुसरे नाही. उरणच्या दक्षिण टोकाला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी, धरमतर खाडीच्या मुखावर रेवसच्या समोर हे कोळ्यांचे गाव आहे. पूर्वी उरण हा पनवेल तालुक्याचाच पेटा होता. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत साऱ्या बेटालाच करंजा म्हटले आहे, आणि सालबाईच्या १७८२ च्या तहात साष्टीबरोबर हे बेट इंग्रजांकडे राहिल्याची नोंद आहे. ज्या डोंगराखाली गाव वसले तो डोंगरही स्थानिक समजुतीप्रमाणे मूळचा येथला नव्हे. हनुमंत पर्वत घेऊन जाताना गळून पडलेला तो तुकडा. करंज्याच्या धक्क्यावर मासळीची निवड चालू असते तेव्हा कुत्री आणि मांजरे एकाच ढिगाभोवती, एकमेकांवर न गुरगुरता, टाकाऊ मासळीची वाट पाहत बसतात. धक्का कोणाच्याच घराचा भाग नसल्यामुळे तेथे उंबरठ्याचे शास्त्र चालत नाही.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचे धोरण १९७० पासून अमलात आले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले ते या लढ्यातून. तथापि हे गणित जमिनीवर बसवलेले आहे. ज्याची जमीन गेली त्याला भूखंड. खाडी सातबाऱ्यावर नसते, आणि जाळे टाकण्याची जागा पिढ्यानपिढ्या वहिवाटीने ठरत असली तरी तिला गटक्रमांक नसतो. शीघ्रग सशाचा युक्तिवाद, जो जेथे राहतो तोवर ते त्याचे, कोळ्यांच्या बाबतीत करण्यासारखा होता. पण न्यायासनासमोर दहा वर्षांच्या उपभोगाचाही कागद लागतो.

न्हावा-शेवा बंदरासाठी जुने शेवा गाव उठले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. गावाचे पुनर्वसन करताना शेतकऱ्यांचा नवीन शेवा आणि कोळ्यांचा हनुमान कोळीवाडा असे दोन भाग झाले, म्हणजे माणसेही विभागली गेली. कुत्र्याचे घर आणि मांजराचे घर दोन्ही एकाच आदेशाने गेले. अशा आदेशाच्या यादीत घर, झाड, विहीर, गोठा यांचे रकाने असतात. गोठा ही मालमत्ता आहे. मांजर ही नव्हे. त्या स्थलांतरात शेव्यातील मांजरांचे काय झाले, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. साहित्यातही सापडत नाही, आणि समीक्षकाला खटकावी ती ही दुसरी अनुपस्थिती. प्रकल्पग्रस्तांवर मराठीत लिहिले गेले ते वास्तववादी कथात्म रूपांत, निवेदनांत, लढ्याच्या गाण्यांत. प्राणिकथेच्या रूपबंधाकडे कोणी वळले नाही. तो रूपबंध आपण शाळेकडे सोपवून मोकळे झालो होतो. १९९५ मध्ये उपग्रह वाहिनीवर कार्टून नेटवर्क आल्यानंतर आपल्या मुलांनी टॉम आणि जेरी यांना रोज पाहिले, पण घर गमावलेल्या प्राण्यांची आपली अशी कथा त्यांना मिळाली नाही.

हनुमान कोळीवाड्याच्या घरांना वाळवी लागली. चौकटी, वासे, कपाटे पोखरली गेली. दुरुस्ती करावी तर पुन्हा तेच. दुसऱ्या जागी पुनर्वसन व्हावे ही तेथील रहिवाशांची मागणी दशकानुदशके चालू राहिली आहे. चिमणी-कावळ्याच्या कथेत घर कशाचे बांधले आहे याला निर्णायक महत्त्व आहे. शेणाचे घर वाहून जाते, पण ते एका रात्रीत, एका पावसात वाहून जाते. म्हणूनच कावळ्याला उठून दुसऱ्याच्या दारात उभे राहता येते आणि कथा सुरू होते. वाळवी लागलेले घर उभेच असते. त्याला पडण्याची रात्र नसते, आणि त्यातील माणसाला अजून बेघर म्हणता येत नसल्यामुळे ठोठावण्यासाठी त्याला दारही मिळत नाही.